विश्लेषण : इंग्लंडमध्ये ११४ बळी घेणारे पालवणकर बाळू कर्णधार का होऊ शकले नाहीत?

माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णीकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा लागल्या की सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर एक जण दिसतो. खेळपट्टीवर पाणी मारणारा, चुना टाकणारा. दुपारी बक्षिसांच्या वेळी तो कुठे असतो हे कुणी पाहत नाही. भारतीय क्रिकेटचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज अशाच कामातून वर आला. त्यांचे नाव पालवणकर बाळू.

रोलर ओढणारा मुलगा गोलंदाज कसा झाला?

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाडचा. घराणे चांभार समाजातले, मूळचे कोकणातल्या पालवणचे, म्हणून पालवणकर. वडील सैन्यात नोकरीला असल्याने कुटुंब पुण्यात आले आणि साहेबांनी टाकून दिलेल्या साहित्यावर मुले क्रिकेट शिकली. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार चार रुपये. काम तेच : रोलर ओढणे, खेळपट्टी आखणे, नेट बांधणे.

नेटमध्ये गोरे सदस्य फलंदाजीचा सराव करत आणि त्यांना चेंडू टाकायला कुणीतरी लागे. बाळू डावखुरे होते. कॅप्टन ग्रेग हा तेव्हाचा नावाजलेला फलंदाज. प्रत्येक वेळी बाद केल्यावर तो बाळूंना आठ आणे देई, असे सांगतात. खरे असेल तर आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटत होता! टप्पा, उंची, चेंडूचा वेग बदलणे हे सगळे ते या तासन् तास गोलंदाजीत शिकले. फलंदाजीची संधी मात्र साहेबांनी त्यांना कधी दिली नाही. चेंडू टाकणे हे नोकराचे काम आणि बॅट मालकाची, असा तो हिशेब होता.

हे फक्त आपल्याकडचे नव्हते. गोल्फमध्ये सदस्यांच्या पिशव्या वाहणाऱ्या मुलांना कॅडी म्हणतात. स्पेनमधल्या पेद्रेन्या गावचा सेव्हे बालेस्तेरोस असाच कॅडी होता. जुन्या एका स्टिकने समुद्रकिनाऱ्यावर सराव करत तो पुढे तीनदा ब्रिटिश ओपन जिंकला. १९९७ मध्ये तो रायडर कपमध्ये युरोपच्या संघाचा कर्णधारही झाला. बाळूंची गोष्ट इथेच वेगळी पडते.

चहाचा कप वेगळा का होता?

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबला युरोपियनांना हरवायचे होते, आणि त्यासाठी बाळू हवेच होते. अस्पृश्याला संघात घ्यावे की नाही यावर बराच खल झाला. शेवटी घेतले. मैदानात सगळे त्यांनी हाताळलेलाच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे. साताऱ्याच्या गोऱ्या संघाने तर त्यांची फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टी आठवडाभर रोलर फिरवून टणक केली होती. तरीही बाळूंनी सात बळी घेतले.

प्लेगच्या काळात कुटुंब मुंबईला आले. बाळू हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, पोटासाठी रेल्वेत नोकरी. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. युरोपियनांच्या दुसऱ्या डावात बाळूंचे पाच बळी होते, सामन्यात आठ. धाकटे भाऊ शिवरामही संघात होते. तोपर्यंत मुंबईत सहकारी त्यांच्यासोबत जेवायला बसू लागले होते. तेव्हा वर्तमानपत्रांतून ही बातमी विजयाइतकीच चर्चेत होती.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात काय घडले?

पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज स्वतः फारसे खेळलेच नाहीत. संघ २३ पैकी १५ सामने हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. मानपत्राचा मजकूर तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिल्याचे सांगितले जाते.

भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. म्हणून कसोटीच्या नोंदींत त्यांचे नाव सापडत नाही. प्रथम श्रेणीत मात्र ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१.

मग कर्णधारपद का नाही?

उत्तर सरळ आहे : जात. ज्येष्ठता होती, कामगिरी होती, तरी वर्षानुवर्षे नाव उच्चवर्णीयाचेच लागे. कर्णधार म. द. पै यांनी तर हा मान बाळूंचा होता, असे जाहीरपणे मान्य केले होते. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातूनच वगळले आणि पै उपलब्ध नसताना भाऊ विठ्ठल यांनाही डावलले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. लोकमत पालवणकर बंधूंच्या बाजूने गेले आणि अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून परतले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेवढाच वेळ त्यांनी नेतृत्व केले. १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले.

राजकारणात ते आंबेडकरांच्या विरोधात का गेले?

हा भाग अनेकांना अवघड वाटतो. बाळूंचा कल संयुक्त मतदारसंघाकडे आणि गांधीजींकडे होता. १९३२ च्या पुणे करारावर आंबेडकरांसोबत त्यांचीही सही आहे. पण १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांसमोर त्यांनाच उभे केले. एकेकाळी ज्यांच्या सत्काराला आंबेडकरांनी हातभार लावला, तेच आता प्रतिस्पर्धी. काँग्रेसने त्यांच्या कीर्तीचा वापर केला असे म्हणायला जागा आहे, पण बाळूंची स्वतःची मतेही होती, हे विसरून चालणार नाही. आंबेडकर सुमारे दोन हजार मतांच्या फरकाने पुढे राहून निवडून आले.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.