लक्ष्मणराव किर्लोस्कर : चित्रकार व्हायला निघालेला मुलगा



दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेतून बाहेर पडलेला एक मुलगा भेटायला आला होता. सध्या तो डिप्लोमा करतो. काही आठवडे एखाद्या कारखान्यात किंवा ऑफिसात काम शिकायला, म्हणजे इंटर्नशिपला, जायचे आहे, आणि कोणते क्षेत्र घ्यावे हेच त्याला ठरवता येत नव्हते. यंत्रे घ्यावीत तर गणित कच्चे, कॉम्प्युटर घ्यावा तर वर्गातली बाकीची मुले कितीतरी पुढे. बोलता बोलता तो म्हणाला की आपल्याला नेमके काही येते का, याचीच आता शंका वाटते. त्याला त्या दिवशी एका माणसाची हकिकत सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते. माणूस लांबचा नाही, आपल्या बेळगाव भागातला आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमत नसे. त्यांना आवड होती चित्रे काढण्याची आणि निरनिराळ्या यंत्रांशी खटपट करण्याची. सुशिक्षित घरातल्या मुलाने पुस्तके सोडून ब्रश हाती घ्यावा, हे त्या काळी वडिलांना कसे रुचणार? पण थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांच्या मदतीने १८८५ साली सोळा वर्षांचे लक्ष्मणराव मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षे गेली. चित्रकलेत हात चांगला बसत होता. आणि मग एक गोष्ट उघडकीस आली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. यालाच रंगांधळेपणा म्हणतात. हा दोष बहुधा जन्मतःच असतो, आईकडून मुलाकडे येतो, मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळ जास्त आढळतो, आणि ज्याला तो असतो त्याला स्वतःला तो कळतोच असे नाही. त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग कुठे पाहिलेले असते? आपल्या कॅसलरॉकच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. रेल्वेत इंजिन चालवण्याच्या नोकरीसाठी लाल आणि हिरवा अचूक ओळखता येतो की नाही याची तपासणी होते, आणि केवळ तेवढ्यावरून परत आलेले उमेदवार रेल्वेच्या गावात ऐकून माहीत असतात. बाकी सारे ठीक, अंगात ताकद, डोक्यात हुशारी, पण दार बंद.

लक्ष्मणरावांचेही तसेच झाले. ज्या एका गोष्टीसाठी घरच्यांशी वाद घालून मुंबई गाठली, तीच हातची गेली. वय अठराच्या आसपास. शालेय शिक्षण पुरे केलेले नाही, चित्रकार होता येत नाही, आणि भावाचे पैसे खर्च झालेले. त्या दिवसांत त्यांना काय वाटले असेल याची कल्पना तुमच्यापैकी ज्याचा एखादा पेपर बिघडला आहे त्याला सहज येईल.

पण ते बाडबिस्तरा बांधून गावी परतले नाहीत. चित्रात दोन गोष्टी असतात, रंग आणि रेषा. रंग गेले तरी रेषा शाबूत होती. त्याच संस्थेत यंत्रांचे आराखडे काढायला शिकवत. त्याला मेकॅनिकल ड्रॉइंग म्हणतात. तिथे रंगांचे काम नसते. माप बिनचूक लागते आणि समोर नसलेला यंत्राचा भाग डोळ्यांपुढे उभा करता यावा लागतो. लक्ष्मणरावांनी तो विषय धरला, आणि त्यावरच मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. पगार महिना ४५ रुपये.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा काळ हाच, जरी चरित्रांत तो थोडक्यात उरकलेला असतो. वर्गात ते ड्रॉइंग शिकवत. पण त्याच संस्थेत कार्यशाळा होती, आणि मोकळ्या वेळात ते तिथे जाऊन यंत्रे हाताळत. यंत्र खोलावे, जोडावे, त्याचा कोणता भाग कशाला ढकलतो ते पाहावे, असे चाले. यासाठी त्यांना कोणी नेमले नव्हते आणि त्याचा वेगळा पगारही नव्हता. आजच्या शब्दांत सांगायचे तर शिक्षक असूनही त्यांनी स्वतःच स्वतःला इंटर्न करून घेतले. कागदावरचे यंत्र आणि हातातले यंत्र यांची गाठ तिथे पडली.

याच सुमारास, १८८८ साली, दोघा भावांनी बेळगावला सायकलींचा धंदा सुरू केला. (आपल्या कॅसलरॉकवरून गोव्याची रेल्वे सुरू झाली तीही याच सुमाराला.) लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामुअण्णा बेळगावला त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. दुकानावर पाटी होती किर्लोस्कर ब्रदर्स. सायकल त्या काळी फार महाग वस्तू होती, म्हणून गिऱ्हाइके मोजकीच असणार हे उघड आहे.

पुढे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. म्हणजे चित्रकला गेली, मास्तरकी गेली, आता तिसरा डाव. तोही लगेच जमला असे समजू नका.

बेळगावला त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. मग लोखंडी नांगर. १९०३ साली हा नांगर तयार झाला आणि तसाच पडून राहिला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर वापरणाऱ्याला नव्या वस्तूची भीती वाटणे काही चूक नव्हे, कारण एक हंगाम वाया गेला तर घर उपाशी राहते. पहिला नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. दोन वर्षे! आपण एक परीक्षा नापास झालो की आठ दिवस तोंड लपवतो.

नांगर खपू लागले तो दुसरे संकट आले. ठळकवाडीत त्यांचा कारखाना होता, ती जागा नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी हवी होती. कारखाना हलवणे भाग पडले, आणि जायचे कुठे हे ठरलेले नव्हते. अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंधच्या देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिले. पुढे कारखान्यासाठी कुंडल रोड स्टेशनजवळ माळावरची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जही दिले. गंमत अशी की बाळासाहेब स्वतः उत्तम चित्रकार होते. ज्याला रंगांनी दगा दिला त्याला हात देणारा रंगांचाच माणूस निघाला!

माळावर निवडुंग माजले होते आणि साप पुष्कळ. १९१० साली तिथे वस्ती उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांनी जमवलेली माणसे पाहिली तर मात्र नवल वाटते. शंभुअण्णा जांभेकर हे विद्यार्थी म्हणून यशस्वी झालेले नव्हते, पण यंत्र कसे असावे हे त्यांना मनातल्या मनात दिसे. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडली होती. पुढे ते कारखान्यातले कल्पक इंजिनियर ठरले. रात्रीच्या पहाऱ्याला तर दरोड्याची शिक्षा भोगून आलेले दोन इसम ठेवले होते, आणि ते विश्वासू निघाले. कोणाला काय येत नाही याची चौकशी न करता काय येते ते पाहण्याची सवय लक्ष्मणरावांना कुठून लागली असेल, ते जे. जे. मधली हकिकत वाचल्यावर कळते.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येणे थांबले आणि मागणी वाढली, पण कच्चे लोखंडही मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवून त्या वितळवण्यात आल्या. तोफांचे नांगर झाले. पुढे उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप असा पसारा वाढत गेला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून 'किर्लोस्कर खबर' काढली. आपल्या या शाळापत्रिकेसारखाच तो छोटासा आरंभ होता, आणि त्यातूनच 'किर्लोस्कर' मासिक झाले. शंकररावही मूळचे चित्रकारच, बरे का.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने पोस्टाचे तिकीट काढले.

आपल्या स्टेशनवरून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर लोंढा, खानापूर, बेळगाव आणि मिरज गेल्यावर जागे राहा. मिरजेच्या पुढे किर्लोस्करवाडीची पाटी दिसेल. पूर्वीचे कुंडल रोड स्टेशन ते हेच.

आता त्या मुलाचे. हकिकत ऐकून त्याने एकच गोष्ट विचारली, लक्ष्मणरावांनी मोकळ्या वेळात कार्यशाळेत जायची परवानगी कोणाकडे मागितली असेल? मला ते माहीत नव्हते. तो म्हणाला, बेळगावला उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आहेत, त्याचे ड्रॉइंग बरे आहे, दोन-तीन ठिकाणी जाऊन विचारून बघतो. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली होती, म्हणून चहा अर्धाच टाकून तो स्टेशनकडे पळाला.