श्रीरामपूरचा जमाखर्च

मराठी भाषेचे व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये छापून काढणारा विल्यम कॅरी आपल्याकडे ग्रंथकार म्हणून ओळखला जातो. परदेशी जाऊन धर्मप्रसार करणाऱ्या माणसाने आपले कुटुंब कोणत्या पैशावर जगवायचे, हा प्रश्न त्याच्या चाळीस वर्षांच्या वास्तव्यात एकदाही पूर्णपणे सुटला नाही, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

कॅरी नॉर्दम्प्टनशायरमधील चांभार. जोडे शिवावे, मुलांना शिकवावे, रविवारी प्रवचन करावे, अशी त्याची गुजराण चाले. १७९२ च्या ऑक्टोबरात केटरिंग येथे बाप्टिस्ट मिशनरी संस्था स्थापन झाली, तेव्हा जमलेली पहिली वर्गणी तेरा पौंडांच्या थोडी वर होती. एवढ्या तुटपुंज्या आधारावर त्याने सहकुटुंब हिंदुस्थानात जाण्याचे ठरविले. पत्नी डोरोथी हिने प्रथम साफ नकार दिला होता. बहिणीला बरोबर घेण्याच्या अटीवर, तान्ह्या मुलाला घेऊन, ती अखेर निघाली. १७९३ च्या नोव्हेंबरात हे कुटुंब कलकत्त्यास पोचले. कंपनी सरकारचा परवाना नव्हता. वर्षभराच्या निर्वाहासाठी आणलेली पुंजी सहकारी डॉ. जॉन थॉमस याच्या हाती होती. थॉमस मनाने उदार, पण व्यवहारात शून्य. शिवाय कलकत्त्यात त्याचे जुने सावकार वाटच पाहत होते. पुंजी पाहता पाहता संपली. इंग्लंडहून पत्राचे उत्तर यायला वर्ष उलटत असे, तेथे पैशाची काय कथा! सुंदरबनात मिठाच्या खात्यातील एका इंग्रज अधिकाऱ्याने आसरा दिला, म्हणून मुलांच्या तोंडी अन्न पडले.

१७९४ मध्ये जॉर्ज उडनी याने माल्दा जिल्ह्यातील मदनावती येथे निळीच्या कारखान्याची देखरेख दरमहा २०० रुपयांवर कॅरीकडे सोपविली. आता आपल्यासाठी पैसे पाठवू नका, असे त्याने संस्थेला ताबडतोब कळविले. मिशनऱ्याने शक्य तितके स्वतःच्या कमाईवर जगावे, हे त्याचे मूळचेच मत होते. विलायतेतील सभासदांनी मात्र, धंद्याच्या नादात धर्मकार्य विसरू नये, असा उपदेश उलट टपाली धाडला. घरबसल्या केलेला हा उपदेश त्याला चांगलाच झोंबला. त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर दगावला. त्यानंतर लवकरच डोरोथीचा तोल सुटला. तो १८०७ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत सावरला नाही. कॅरीच्या चरित्रकारांनी त्याच्या ग्रंथांची मोजदाद हौसेने केली. डोरोथीने भरलेली किंमत मात्र बराच काळ त्यांच्या हिशेबात धरली गेली नाही.

१८०० च्या जानेवारीत तो डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपूरला आला. निळीत घातलेले स्वतःचे पैसे मागेच राहिले. येथे जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांच्याबरोबर त्याने एकत्र कुटुंबाचीच पद्धत स्वीकारली. एक स्वयंपाकघर, एक तिजोरी आणि खाजगी धंदा कोणीही करावयाचा नाही. मार्शमन पतिपत्नींची निवासी शाळा, वॉर्डचा छापखाना आणि कॅरीची फोर्ट विल्यम कॉलेजातील नोकरी, ही कमाईची तीन साधने. कॅरीचा पगार १८०१ मध्ये ५०० रुपये होता, तो १८०७ पासून १००० झाला. तो जवळजवळ सगळा सामायिक तिजोरीत जाई. घरासाठी बेताची रक्कम आणि कॉलेजात नीटनेटके दिसावे म्हणून कपड्यांपुरते थोडे अधिक, एवढेच तो ठेवी. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने झालेले मराठीचे काम या नोकरीचेच फळ होय. १८१२ च्या मार्चमध्ये छापखाना जळाला, तेव्हा ब्रिटनमधील लोकांनी नुकसान थोड्याच महिन्यांत वर्गणीने भरून दिले.

खरे संकट आगीचे नव्हते, मालकीचे होते. १८१५ मध्ये संस्थेचे चिटणीस अँड्र्यू फुलर निवर्तले आणि लंडनला नवी मंडळी आली. श्रीरामपूरच्या जमिनी, घरे, यंत्रे कोणाची, असा प्रश्न त्यांनी काढला. बहुतेक सारे स्वकष्टाने उभे केलेले. पण ते मिशनच्या नावाने उभे केलेले. दोन्ही पक्षांना आपापल्या परीने बोलता येत होते. मात्र मार्शमन ऐषारामात राहतो, असा प्रवाद इंग्लंडात पसरविला गेला, हे निव्वळ अन्यायाचे होते. ज्या स्वावलंबनाने संस्थेचे ओझे हलके केले, तेच संशयाचे कारण ठरले. १८२७ मध्ये दोघांची फारकत झाली.

पुढे १८३० मध्ये कलकत्त्याची पामर कंपनी बुडाली आणि एकामागून एक पेढ्या कोसळल्या. त्यांत मिशनच्या ठेवी गेल्या. त्याच वर्षी सरकारने कॉलेजातील प्राध्यापकपदे रद्द केली आणि कॅरीचे उत्पन्न निम्म्या पेन्शनवर आले. सत्तरीकडे झुकलेल्या माणसावर पुन्हा इंग्लंडकडे हात पसरण्याची वेळ आली. ९ जून १८३४ रोजी तो श्रीरामपुरात वारला. मृत्युपत्रात त्याने मिशनच्या वास्तूंवर आपला कसलाही हक्क नाही, असे नमूद केले होते. मुलगा जाबेझ याला १५०० रुपये द्यावयाचे होते. तेवढी रक्कम शिल्लक नसल्याने, आपला ग्रंथसंग्रह लिलावात विकून ती उभी करावी आणि उरेल ते पत्नी ग्रेस हिला द्यावे, अशी व्यवस्था त्याने लिहून ठेवली होती.