शेतकऱ्याचे पंचांग आणि सरकारचे

वसाहतीच्या राज्यात शेतकऱ्याला दोन पंचांगे सांभाळावी लागतात. एक पावसाचे व पिकाचे; दुसरे वसुलीचे. पेरू देशातील ग्वामान पोमा या देशी लेखकाने १६१५च्या सुमारास स्पेनच्या राजासाठी लिहिलेल्या सचित्र ग्रंथात महिन्यामहिन्याची शेतीची कामे चितारली. जूनच्या चित्रात बटाट्यांची काढणी चालली आहे. त्याच ग्रंथात गोऱ्या अंमलदारांच्या जुलमाचीही नोंद आहे. महाराष्ट्रात असेच काम जोतीराव फुले यांनी केले.

जोतीरावांचा जन्म १८२७चा, पुण्यातील माळी कुटुंबातला. वडिलांचा व्यवसाय भाजीपाल्याचा व फुलांचा. शिक्षण मध्येच सुटले, पुढे मिशनच्या शाळेत पुन्हा सुरू झाले. १८४८मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली आणि १८७३मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. परंतु ते केवळ समाजसुधारक नव्हते. सरकारी बांधकामांची कंत्राटे त्यांनी घेतली, मांजरीस शेतीही केली; त्यामुळे पैशाचा आणि पिकाचा हिशेब त्यांना अनुभवाने ठाऊक होता.

१८७५मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध कुणब्यांचे दंगे झाले. पाठोपाठ मोठा दुष्काळ आला. १८७७मध्ये जोतीरावांनी धनकवडीस दुष्काळग्रस्त मुलांसाठी आश्रम चालविला. या अनुभवांतून १८८३मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध झाला. त्याच्या आरंभीच्या प्रकरणात चैत्रापासूनचे सण एकामागून एक येतात आणि प्रत्येक सणाला कुणब्याच्या घरातून दक्षिणा कशी बाहेर जाते, याचा हिशेब मांडला जातो. पुढे वाढता शेतसारा, कुरणे बंद करणारे जंगलखाते आणि पाणीपट्टी घेऊनही वेळेवर पाणी न देणारे पाटबंधारे खाते यांची झाडाझडती होते. उपायही व्यवहारी आहेत: ताली, बंधारे, तळी, जनावरांच्या उत्तम जाती आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण.

१८८८मध्ये पुण्यात राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या मेजवानीस जोतीराव कुणब्याच्या वेषात गेले. राज्याच्या थाटामागचा देश पाहुण्यास दिसावा, हा हेतू. १८९०मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विवेचनाचे आर्थिक सार सरळ आहे. पाणी वेळेवर न मिळाल्यास पाणीपट्टी हा निव्वळ दंड ठरतो. पीक हाती येण्यापूर्वी देणे चुकवावे लागल्यास सावकार अटळ होतो. बुटीबोरीच्या परिसरात आज औद्योगिक वसाहत उभी आहे. पण आसपासच्या शिवारांतील कापूस अजूनही कारखान्याच्या भोंग्यावर फुटत नाही. कर्ज पेरणीपूर्वी मिळावे, खरेदी वेचणीबरोबर सुरू व्हावी आणि परतफेडीची मुदत विक्रीनंतर यावी, ही मागणी दयेची नव्हे, हिशेबाची आहे. सरकारने आपले पंचांग शेताकडे पाहून लिहावे, एवढाच जोतीरावांच्या आयुष्याचा धडा घेतला तरी पुष्कळ होईल.