सॅचेल पेज : वर्णाचे कुंपण आणि गुणवत्तेचे मोल

श्रमाचा बाजार खुला असेल तर जातीवर वा वर्णावर आधारलेला भेदभाव त्यात फार काळ टिकत नाही, असे अर्थशास्त्राच्या वर्गात सांगितले जाते. जो मालक गुणी माणसाला केवळ कातडीच्या रंगासाठी नाकारतो, तो स्वतःचेच नुकसान करून घेतो. त्याचा प्रतिस्पर्धी त्या माणसाला कामावर घेतो आणि नफा कमावतो. गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये हा विचार पद्धतशीरपणे मांडला. तर्क बिनतोड आहे. मात्र तो पडताळून पाहण्यासाठी असा व्यवसाय हवा, की ज्यात कामगाराचे कौशल्य बंद दाराआड न राहता हजारो लोकांसमोर रोज मोजले जाते. अमेरिकेतील बेसबॉल हा असा व्यवसाय होय, आणि या कसोटीस लावण्याजोगे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लेरॉय ऊर्फ सॅचेल पेज यांचे आयुष्य.

बेसबॉलमध्ये पिचरचे स्थान आपल्याकडील गोलंदाजासारखेच असते. किंबहुना त्याहूनही मध्यवर्ती. गोलंदाजांना षटकागणिक आलटून पालटून विसावा मिळतो. पिचर मात्र अनेकदा संपूर्ण सामना एकटा पेलतो. चेंडू टप्पा न पडता थेट फलंदाजाकडे जातो, त्यामुळे खेळपट्टीची मदत नाही. वेग, दिशा आणि फलंदाजाला चकविण्याची बुद्धी एवढेच त्याचे भांडवल. हे भांडवल पेज यांच्यापाशी किती विपुल होते, याविषयी त्यांच्याविरुद्ध खेळलेल्या काळ्या वा गोऱ्या खेळाडूंत मतभेद नव्हता.

अलाबामा राज्यातील मोबील या बंदराच्या गावी ७ जुलै १९०६ रोजी लेरॉयचा जन्म झाला. वडील माळीकाम करीत, आई लोकांचे कपडे धुई. बारा भावंडांच्या त्या घरात बालपण म्हणजे कमाईचाच काळ होता. रेल्वे स्थानकावर प्रवाशांच्या बॅगा वाहण्याचे काम लेरॉयने पत्करले आणि त्यातूनच त्याला 'सॅचेल', म्हणजे हातपिशवी, हे टोपणनाव चिकटले. बाराव्या वर्षी किरकोळ चोरीच्या आरोपावरून त्याची रवानगी माउंट मेग्ज येथील काळ्या मुलांच्या सुधारगृहात झाली. तेथे गेलेली पाच वर्षे शिक्षेची खरी. परंतु चेंडू फेकण्याचे रीतसर शिक्षण त्याला तेथेच मिळाले. १९२३ च्या अखेरीस तो बाहेर पडला, तो हातात एक धंदा घेऊनच.

पण तो धंदा करावयाचा कोठे? संघटित बेसबॉलच्या दोन्ही प्रमुख लीगमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काळ्या खेळाडूला प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम कोठेही नव्हता. सर्व मालकांनी मिळून पाळलेला तो एक अलिखित संकेत होता. साहजिकच काळ्या खेळाडूंची निराळी सृष्टी उभी राहिली. रूब फॉस्टर यांनी १९२० मध्ये स्थापन केलेली नीग्रो नॅशनल लीग हा तिचा पाया. पेज १९२६ मध्ये चॅटनूगाच्या संघातून या व्यवसायात शिरले आणि पुढील वर्षी बर्मिंगहॅमच्या ब्लॅक बॅरन्सकडे गेले. मोसम संपला की गावोगाव फिरून प्रदर्शनीय सामने खेळावयाचे, हिवाळ्यात कॅलिफोर्निया वा कॅरिबियन बेटे गाठावयाची, असा त्यांचा बारमाही क्रम सुरू झाला.

येथे एक मोठा विरोधाभास दिसतो. गोऱ्या खेळाडूंच्या करारात राखीव कलम असे. करार संपला तरी खेळाडूवरील हक्क मालकाकडेच राही. त्याला दुसऱ्या संघाशी बोलणी करण्याची मुभा नव्हती. मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू होत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये दिल्याने ही वेठ कायदेशीरही ठरली, आणि ती मोडण्यास १९७५ साल उजाडावे लागले. ज्यांना कुंपणाच्या आत घेतले होते ते बांधलेले होते, आणि ज्याला बाहेर ठेवले होते तो मात्र आपले श्रम हव्या त्या गिऱ्हाइकास विकू शकत होता. पेज यांनी हे स्वातंत्र्य मनसोक्त वापरले. पिट्सबर्गमध्ये आकड्यांच्या जुगारावर गबर झालेल्या गस ग्रीनली यांच्या क्रॉफर्ड्स संघात ते चमकले. तेथे जॉश गिब्सन आणि कूल पापा बेल यांच्यासारखे सहकारी होते. तरीही अधिक मोबदला दिसताच ते उत्तर डकोटातील बिस्मार्क या लहानशा गावी एका मोटारविक्रेत्याच्या संघात दाखल झाले. काळे आणि गोरे एकत्र खेळणाऱ्या या संघाने १९३५ मध्ये विचिटा येथील राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९३७ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा त्रुहियो याच्या नावाने खेळणाऱ्या संघासाठी ते मायदेशातील सहकाऱ्यांनाही सोबत घेऊन गेले आणि विजेतेपद मिळवून परतले.

या करारभंगांचा दोष पेज यांच्याकडे जात नाही असे नाही. आधीच तुटपुंज्या भांडवलावर चालणाऱ्या काळ्यांच्या लीगला त्यांच्या लहरीपणाचा फटका बसला, आणि मागे राहिलेल्या सहकाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. पण ज्या समाजाने त्यांना न्यायाने मिळावयाची जागा नाकारली, त्याच समाजाने त्यांच्याकडून निष्ठेची अपेक्षा करावी, हेही तितकेच विपरीत होते.

१९३८ मध्ये मेक्सिकोत त्यांचा उजवा खांदा निकामी झाला. पिचरच्या बाबतीत हे हात तुटल्यासारखेच. विमा नाही, निवृत्तिवेतन नाही, मालकाची जबाबदारी नाही. मुक्त बाजाराची दुसरी बाजू त्यांना त्या वर्षी दिसली. तेव्हा कॅन्सस सिटी मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी त्यांना आपल्या दुय्यम फिरत्या संघात घेतले. काळ्यांच्या लीगमधील हे गोरे मालक कल्पक होते. प्रमुख लीगमध्ये विजेच्या प्रकाशातील पहिला सामना १९३५ मध्ये झाला. विल्किन्सन यांनी त्याआधी पाच वर्षे वाहून नेता येण्याजोगे दिवे घेऊन रात्रीचे सामने भरविले होते. पेज यांचे नाव अजून गर्दी खेचते, एवढाच त्यांचा हिशेब होता. अनपेक्षितपणे खांदा बरा झाला, आणि पुढे पेज यांनी मोनार्क्सला वैभव मिळवून दिले. १९४२ च्या नीग्रो वर्ल्ड सीरीजमध्ये मोनार्क्सने होमस्टेड ग्रेज या बलाढ्य संघाचा पाडाव केला, त्यात त्यांचा सिंहाचा वाटा होता.

मोसमाबाहेर डिझी डीन, बॉब फेलर यांसारख्या नामांकित गोऱ्या पिचरांच्या संघांविरुद्ध पेज वर्षानुवर्षे खेळले. प्रेक्षक पैसे मोजून येत, गोरे खेळाडू त्यांची थोरवी मान्य करीत, वृत्तपत्रे त्यांच्यावर लिहीत. म्हणजे गुणवत्तेची माहिती बाजारात नव्हती असे म्हणण्यास जागाच नाही. मग कोणा एका मालकाने संकेत मोडून नफा का कमावला नाही? याचे उत्तर असे, की तो बाजार स्पर्धेचा नव्हता. तो मोजक्या मालकांचा संघ होता आणि त्यावर १९२० पासून १९४४ पर्यंत आयुक्त लँडिस यांची जरब होती. शिवाय काही मालकांना आपली मैदाने काळ्या संघांना भाड्याने देऊन उत्पन्न मिळे. भेदभावाचा त्यांना तोटा नव्हे, लाभच होता. बेकर यांच्या सूत्रातील स्पर्धा हा शब्द वगळला, की सूत्राचे काय होते ते येथे दिसते.

अखेरीस १९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकी यांनी कुंपण तोडले. परंतु निवड केली ती मोनार्क्समध्ये एकच मोसम खेळलेल्या जॅकी रॉबिन्सन या सुशिक्षित तरुणाची. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन प्रमुख लीगमध्ये उतरले. मोनार्क्सला मोबदल्यादाखल एक डॉलरही मिळाला नाही. ज्यांनी दोन तपे आपल्या नावावर ही सृष्टी तगवून धरली, त्या पेज यांना हा प्रथमपणाचा मान नाकारला गेल्याची खंत लागली आणि ती त्यांनी लपविलीही नाही.

पेज यांची पाळी आली ती ७ जुलै १९४८ रोजी, त्यांच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी. क्लीव्हलंडचे मालक बिल व्हेक यांनी त्यांना करारबद्ध केले, तेव्हा हा केवळ गल्ला भरण्याचा तमाशा आहे अशी टीका झाली. पेज यांनी उत्तर मैदानावर दिले. अर्ध्या मोसमात सहा विजय आणि एकच पराभव. ऑगस्टमधील त्यांच्या पहिल्या तीन प्रमुख सामन्यांना मिळून दोन लाखांहून अधिक प्रेक्षक लोटले. त्यांपैकी २० ऑगस्टच्या सामन्यास ७८,३८२ जण हजर होते आणि शिकागोच्या संघाला त्या रात्री एकही धाव करता आली नाही. क्लीव्हलंडने त्या वर्षी जगज्जेतेपद मिळविले. जी गर्दी त्या उन्हाळ्यात लोटली, ती आधीच्या वीस वर्षांतही लोटली असती. भेदभावाने मालकांनी गमावलेल्या उत्पन्नाचा याहून ढळढळीत पुरावा शोधण्याची गरज नाही.

पुढे सेंट लुईसकडून खेळताना १९५२ आणि १९५३ मध्ये त्यांची ऑल-स्टार संघात निवड झाली. २५ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, कॅन्सस सिटीकडून बोस्टनविरुद्ध तीन डाव टाकताना त्यांनी फक्त एक फटका दिला. त्यातील जाहिरातबाजी उघड होती. कौशल्यही तितकेच उघड होते. इतके होऊनही निवृत्तिवेतनासाठी लागणारी सेवेची मुदत भरत नव्हती. ज्यांनी प्रवेश नाकारला त्यांच्याच नियमपुस्तकाने आता सेवा अपुरी ठरविली. १९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्हज संघाने त्यांना नावापुरते पदरी ठेवून ती मुदत भरून काढली. १९७१ मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली, तीही प्रथम स्वतंत्र दालनाच्या योजनेखाली. हा सन्मानातही पंक्तिभेद असल्याची ओरड झाल्यावर त्यांना बरोबरीचे स्थान देण्यात आले. ८ जून १९८२ रोजी कॅन्सस सिटीत त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. पुण्याच्या जिमखान्यावर साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारे बाळू पालवणकर पुढे हिंदूंच्या संघाचे प्रमुख गोलंदाज झाले आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांच्या गोलंदाजीवर मिळालेले विजय संघाला चालत. चहाच्या वेळी मात्र त्यांचे पात्र वेगळे असे, आणि कर्णधारपद त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. श्रम घ्यावयाचे, श्रमिकाला पंक्तीत घ्यावयाचे नाही, ही रीत दोन्ही देशांत सारखीच होती.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या बेसबॉल संघटनेने १९२० ते १९४८ या काळातील काळ्यांच्या सात लीगना प्रमुख लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांची उपलब्ध आकडेवारी अधिकृत नोंदीत समाविष्ट केली. एरवी अठ्ठावीसच विजय दाखविणारे पेज यांचे खाते त्यामुळे अनेक पटींनी वाढले. ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे. परंतु ती हिशेबाच्या वहीतील आहे. तिने पेज यांची विशी आणि तिशी परत येत नाही, आणि रॉबिन्सननंतर प्रेक्षक व खेळाडू दोन्ही गमावून बुडालेल्या काळ्या संघांची भरपाईही होत नाही. बाजार कालांतराने न्याय करील, असा भरवसा जे देतात त्यांनी ते कालांतर कोणाच्या आयुष्यातून कापले जाते, हेही सांगावयास हवे. पेज यांच्या बाबतीत ते बावीस वर्षांचे होते, आणि कुंपण पडले ते आपोआप नव्हे, कोणीतरी ते पाडल्यामुळे.