भजनात पुढे बसणारा: रेव्हरंड टिळक

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती बाई राहतात. एका संध्याकाळी त्यांच्याकडे प्रार्थना होती, त्यांनी आग्रहाने बोलावले म्हणून मी गेले. सतरंजीवर बायकापुरुष बसले होते. पेटी होती, टाळ होते आणि अभंग चालला होता. मला वाटले, आपण एकादशीच्या भजनालाच आलो की काय! नीट कान दिला तेव्हा कळले की, स्तुती येशू ख्रिस्ताची आहे, पण चाल आपल्याच घरची आहे. हे पद रेव्हरंड टिळकांचे, असे बाईंनी सांगितले.

टिळक मला शाळेतल्या कवितेपुरतेच ठाऊक होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी वाचनालयातून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणली आणि दुपारची कामे आटोपून रोज थोडी थोडी वाचली. त्यातून आणि बाईंकडून जे समजले, ते भगिनींपुढे ठेवते.

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात करजगावी झाला. आई लहानपणीच गेली. पुढे नाशिकला शिक्षण झाले, १८८० साली लग्न झाले. पण मन एका जागी ठरत नसे. आज ही नोकरी, उद्या ती, मध्येच न सांगता घरातून निघून जावे. बायकोने वाट पाहायची! १८९३ साली नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थांनी त्यांना ख्रिस्ती धर्माचे पुस्तक, नवा करार, वाचायला दिले. ते त्यांच्या मनात उतरले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. पदरी लहान मूल, नातलगांत राहायचे, आणि नवरा असून नसल्यासारखा. काही वर्षांनी त्या पतीकडे परत गेल्या आणि १९०० साली आपल्या मनाने त्यांनीही तो धर्म स्वीकारला. ते प्रकरण वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावे लागले.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. त्या काळी देवळातली पुष्कळ गीते इंग्रजीवरून मराठीत आणलेली असत आणि चालीही परदेशी. शब्द मराठी, पण गळ्याला परके. खेड्यातल्या माणसाने त्यात आपले सुखदुःख कसे ओतावे? नगरचे कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या आधीच आपल्याकडच्या पद्धतीने ख्रिस्ती कीर्तने आणि पदे सुरू केली होती. टिळकांनी ती वाट पुष्कळ रुंद केली. त्यांनी अभंग, पदे, भजने लिहिली. तुकोबांवर त्यांची फार भक्ती होती. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही, तिलाही दोनदा ऐकून पाठ व्हावे, असे त्यांचे शब्द आहेत. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात त्यांची पुष्कळ गीते आहेत आणि ती आजही गायिली जातात.

शेजारच्या बाई सांगतात की, त्यांच्या देवळात गाणे पुढे चालवणाऱ्याचे काम मोठे जोखमीचे मानतात. त्याचा गळा गोड असला तर बरेच, पण लोकांनी त्याच्याकडे पाहत बसता कामा नये. त्याने चाल धरून द्यायची आणि सगळ्यांच्या तोंडून प्रार्थना निघू लागली की आपण त्यात मिसळून जायचे. मला वाटते, टिळकांनी जन्मभर हेच केले. स्वतः नावाजलेले कवी, पण अडाण्याच्या ओठी बसेल असे लिहिले. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तांचा मेळा सुरू केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे मोठे काव्य अपुरे राहिले. ज्या बायकोला त्यांनी घरी अक्षरओळख करून दिली, तिनेच ते पुरे केले. पुढे म्हणणारा थांबला, मागचीने पद उचलले!

आता माझे सांगते. आपल्या मंडळाच्या भजनात मी पुढे बसते. आवाज बरा, म्हणून थोडा ताठाही होता. गेल्या वर्षी एका वडीलधाऱ्या बाईंचा ताल चुकला, तेव्हा मी सगळ्यांदेखत त्यांना गप्प राहायला सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या एकादशीपासून येईनाशा झाल्या. मीही चौकशी केली नाही. भजन सुरेल झाले, याचेच मला समाधान होते.

‘स्मृतिचित्रे’ वाचून झाले त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. क्षमा मागताना जीभ जड झाली. त्यांनी चहा टाकला, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि मी उठताना, एकादशी कधी आहे म्हणून विचारले.

हल्ली त्या माझ्या शेजारीच बसतात. ताल अजून चुकतो. मी टाळ जरा मोठ्याने वाजवते, आणि आम्ही दोघी म्हणतो.