एड्सगर डायक्स्ट्रा : प्रोग्रामचा गुंता सोडवणारा माणूस

हिवरखेडहून अकोल्याला जायचं तर अकोटवरून जाता येतं, तेल्हाऱ्यावरूनही जाता येतं. जवळचा रस्ता कोणता, हे आज मोबाईल लगेच सांगतो. असा सर्वांत कमी अंतराचा मार्ग काढण्याची रीत एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये शोधली. ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत होणाऱ्या पत्नीसोबत कॉफी घेताना, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत!

डायक्स्ट्रांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितज्ञ. लायडेन विद्यापीठात ते भौतिकशास्त्र शिकत होते, पण १९५१ च्या उन्हाळ्यात केंब्रिजला प्रोग्रामिंग शिकायला गेले आणि वाट बदलली. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदीत त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रामर' सांगितला, तर कचेरीने तो मान्यच केला नाही. असा काही धंदा असतो, हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

आता मुख्य गोष्ट पाहा. त्या काळच्या प्रोग्राममध्ये 'गो टू' नावाची आज्ञा फार वापरत. म्हणजे दहाव्या ओळीवरून थेट नव्वदाव्या ओळीवर उडी, तिथून परत चाळिसाव्यावर. शेवयांचा गुंता जसा! कोणतं टोक कुठं गेलं ते लिहिणाऱ्यालाच कळेना. मोठे प्रोग्राम वेळेत पूर्ण होत नव्हते, चुका सापडत नव्हत्या. मार्च १९६८ मध्ये डायक्स्ट्रांनी एका मासिकात पत्र लिहून 'गो टू' घातक असल्याचं सांगितलं. माणसाची बुद्धी मर्यादित आहे, म्हणून प्रोग्राम वरून खाली वाचत गेलं की समजला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. क्रम, निवड आणि पुनरावृत्ती, एवढ्यावर काम भागतं. बरेच लोक चिडले. पण आज शिकवतात ती पद्धत बहुतेक हीच.

गुंता मोजायचा कसा? ते काम १९७६ मध्ये अमेरिकेच्या थॉमस मॅककेब यांनी केलं. प्रोग्रामच्या एका भागात किती ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो ते मोजा आणि त्यात एक मिळवा. समजा शिष्यवृत्तीची यादी करताय : जर हजेरी पुरेशी असेल, जर गुण पुरेसे असतील, जर दाखला जोडला असेल. 'जर' तीन, म्हणून गुंता चार. म्हणजे तपासायच्या वेगळ्या वाटा चार. आकडा दहाच्या वर गेला तर त्या भागाचे तुकडे करावेत, असं मॅककेब यांनी सुचवलं. आपण मोठं वाक्य तोडून दोन करतो, तसंच की हो! मात्र आकडा कमी म्हणजे प्रोग्राम चांगलाच, असं मला वाटत नाही. नावं धड दिली नसतील तर छोटा प्रोग्रामही कळत नाही.

प्रोग्रामच्या ओळी मोजून कामाची बढाई मारणं डायक्स्ट्रांना पटत नसे. त्यांच्या हिशेबात ओळी ही कमाई नव्हती, खर्च होता. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ पासून ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात शिकवत होते. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनेन येथे त्यांचं निधन झालं.

मागे राहिली तेराशेहून अधिक टिपणं. त्यांतली बरीचशी या संगणकवाल्या माणसाने फाउंटन पेनने, सुवाच्य अक्षरात लिहिलेली आहेत.