न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

साताऱ्याजवळ माहुली नावाचे गाव आहे. तिथे कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम आहे. रामशास्त्री प्रभुणे हे त्या गावचे. त्यांच्या घरची फार गरिबी होती. लहानपणी त्यांचे शिक्षण झाले नाही. ते साताऱ्याला एका सावकाराकडे नोकर राहिले. असे सांगतात की, एकदा सावकाराच्या पायावर पाणी घालताना त्यांची नजर त्याच्या कानातल्या मोत्यांच्या भिकबाळीवर गेली. तेव्हा सावकार त्यांना टाकून बोलला. ते त्यांच्या मनाला फार लागलं. ते काशीला गेले. मोठेपणी शिकायची त्यांना लाज वाटली नाही. खूप अभ्यास करून ते शास्त्री झाले.

१७५१ साली ते पुण्याला पेशव्यांच्या नोकरीत लागले. १७५९ साली ते न्यायाधीश झाले.

आपल्यासारखा निकाल लागावा म्हणून गुपचूप काही दिलं तर त्याला लाच म्हणतात. रामशास्त्री कोणाची लाच घेत नसत. त्यांच्या घरात एका दिवसाला पुरेल एवढाच शिधा असे. मला वाटलं, एवढा मोठा माणूस आणि घरात साठा कसा नाही? गुरुजींनी सांगितले की, ज्याला जास्तीचं काही नको त्याला कोणी विकत घेऊ शकत नाही.

पेशवे विद्वानांना दक्षिणा वाटत. एकदा तिथे रामशास्त्रींचा भाऊ आला. नाना फडणवीस त्याला जास्त द्यायला निघाले. पण रामशास्त्रींनी सांगितले की, याला इतरांएवढीच द्या. माझा भाऊ म्हणून जे द्यायचं ते मी माझ्या घरून देईन. अशी ही गोष्ट आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. मग त्यांचे चुलते राघोबादादा पेशवे झाले. रामशास्त्रींनी चौकशी केली. त्यात राघोबादादाच दोषी निघाले. रामशास्त्रींनी भर दरबारात सांगितले की, या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त आहे. एवढं बोलून ते नोकरी सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. राघोबादादांची सत्ता गेल्यावर ते परत न्यायाधीश झाले. १७८९ साली ते वारले.

मी वर्गाचा मॉनिटर आहे. गडबड करणाऱ्यांची नावं मी फळ्यावर लिहितो. एकदा एका मुलानं मला पेरू दिला म्हणून मी त्याचं नाव लिहिलं नाही. त्याच्या शेजारच्याचं लिहिलं. त्याला ओणवं उभं राहावं लागलं. तेव्हा मला काही वाटलं नाही, पेरू गोड होता. रामशास्त्रींचा धडा वाचल्यावर मला कळलं की ती लाचच होती. मी गुरुजींना खरं सांगितलं. आता मी सगळ्यांची नावं लिहितो. मी बोललो तर माझंही लिहितो.

— इयत्ता चौथी